कोंडाजीचा टाक

चौक गावच्या गोदूबाईंनी दुसरं महायुद्ध ट्रक ड्रायव्हरांकडून शिकून घेतलं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कर्जत फाट्याच्या अलीकडे त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकं, एक भट्टी आणि मागे बांधलेली म्हैस. घाट चढण्याआधी ट्रक तिथे थांबत. आमचं घर शेडच्या मागेच होतं. १९७३ साली मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि नोकरीची वाट बघत घरी बसले. बसले म्हणजे गोदूबाईंकडे जाऊन बसले.

हॉटेलच्या दाराशी काळा रंग दिलेली एक फळी टांगलेली होती. तिच्यावर खडूने लिहिलेलं असे, 'बडी लडाई में कोई इटली गया था? अंदर बताना.' खाली तेच गुरुमुखीत. गोदूबाईंना लिहिता येत नव्हतं. अक्षरं पुसट झाली की त्या एखाद्या ड्रायव्हरला धरत आणि पुन्हा लिहून घेत. एक दिवस त्यांनी मला धरलं.

"तू मास्तरीन होनार नं गं जने? मग काड अक्षर."

मी अक्षर काढलं. मग विचारलं, इटलीचं काय?

त्यांचा थोरला भाऊ कोंडाजी १९४१ साली पलटणीत गेला. माहेर खालापूरजवळचं. एकदा रजेवर आला आणि परत गेला. लढाई संपत आली तेव्हा सरकारी कागद आला, इटलीत बेपत्ता. मेला असं कागद म्हणत नव्हता. जिवंत आहे असंही म्हणत नव्हता.

माहेरच्या देवघरात पूर्वजांचे टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर मूर्ती. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देवांत बसवायचा. लढाईत पडलेल्याचा टाक घोड्यावर बसलेला. आईबाप गेले, त्यांचे टाक झाले. कोंडाजीचा झाला नाही. देवघर आता चुलतभाऊ मालोजींकडे होतं आणि मालोजी तयार नव्हते.

"जित्या मान्साचा टाक बसवला आनि उद्या त्यो दारात उबा राह्यला तर? घर खाईल त्यो टाक," ते म्हणत.

गावात आणखी एक बोलणं होतं. कोंडाजी तिकडेच राहिला, एका गोरीबरोबर संसार करतोय. मालोजी हे हसत सांगत. गोदूबाई तेवढ्यापुरत्या म्हशीकडे जात.

त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. भावाचं काय झालं ते कळावं आणि तो आईबापाशेजारी बसावा. मुलीचं माहेरच्या देवघरात काही चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्या विचारत राहिल्या.

"माज्यामागं त्याला कोन इचारनार हाय?"

विचारायची त्यांची रीत होती. आधी फळीवर फुकट चहाचं लिहिलेलं होतं. तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येकजण इटलीला जाऊन आलेला निघाला. एकाने तर सांगितलं, कोंडाजी चांगला सहा फुटी गडी, माझ्या मांडीवर जीव सोडला. सांगताना तो रडला आणि मग भजी मागितली. कोंडाजी बुटका होता. त्या दिवसापासून चहा विकत झाला आणि भावाचं नाव फळीवरून गेलं. गोदूबाई आपल्याकडचं काही सांगत नसत. फक्त विचारत. जमीन कशी होती? पावसात काय व्हायचं? काय खायला देत? आणि शेवटी नेहमी एकच.

"पायलंस का ऐकलंस?"

ऐकलेलं त्या भट्टीमागच्या भिंतीवर कोळशाने काढत. डोंगर, नदी, मोडका पूल, कडू फळांची झाडं. मग वाट बघत. आधीच्याला न ओळखणारा दुसरा कोणी येऊन तेच 'पाहिलं' म्हणाला की त्या कोळशाच्या रेघेवरून चुन्याचं बोट फिरवत. काळं ते ऐकीव, पांढरं ते खरं. त्या भिंतीवर एक अख्खं युद्ध होतं. अर्धं काळं, अर्धं पांढरं.

मी शाळेतला जुना नकाशा नेला. इटली त्यांनी इराकातल्या बसऱ्याला चिकटवून काढली होती, कारण दोन्हींबद्दल बोलणारा एकच ड्रायव्हर होता. मी मधला समुद्र दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवडं पानी?" त्या म्हणाल्या. "आनि कोंडा नदीत उतरताना आयला हाक मारायचा."

मग ओल्या फडक्याने त्यांनी अर्धी भिंत पुसली आणि समुद्राला जागा केली.

मराठा पलटणीतले म्हातारे त्यांना भेटले होते. साताऱ्याचे, रत्नागिरीचे. सगळ्यांनी मान हलवली. खालापूरकडचा कोंडाजी? नाही बाई. गोदूबाईंना 'नाही' ऐकायची सवय होती. पण इतकी 'नाही' जमल्यावर मालोजींची गोरी खरी वाटायला लागे. एकदा त्या मला म्हणाल्या, "आसंल गं. जित्ता आसंल तर आसू दे. मला काय वाईट हाय? पन मग कागुद तरी घालावा का नाय मान्सानं?"

चूक कुठे होती ते दिवाळीनंतर कळलं.

दुपारची वेळ होती. म्हैस दावं तोडून रस्त्यावर गेली. समोरून ट्रक येत होता. गोदूबाई धावल्या नाहीत. त्यांनी जिभेने दोनदा टक् टक् केलं आणि दातांतून बारीक शीळ घातली. म्हैस जागच्या जागी थांबली. ट्रक शिव्या देत निघून गेला.

बाकावर मेहरसिंग नावाचा ड्रायव्हर चहा पीत होता. जालंधरकडचा. नेहमीचा. तो ग्लास हातात तसाच धरून उभा राहिला.

"मावशी, ये किसने सिखाया?"

"भावानं. रजेवर आला तवा. हिच्या आयच्या आयला शिकवलं त्यानं. तवापासनं खानदानी चाल हाय आमच्या म्हशींची."

मेहरसिंग हसला नाही. "ये तो खच्चरवालों का इशारा है."

त्याने सांगितलं, त्याच्या गावात एक म्हातारा आहे. लढाईत खेचरांच्या कंपनीत होता. डोंगरातल्या वाटांवर गाड्या जात नसत. अंधारात खेचरांवर माल चढवून न्यायचा. दुश्मन समोरच, त्यामुळे ओरडायचं नाही. म्हणून टक् टक् आणि शीळ. तो म्हातारा अजून आपल्या बैलांना तसंच थांबवतो.

"खेचर?" गोदूबाई म्हणाल्या. "माजा भाऊ पलटणीत व्हता रं."

"खच्चर कंपनी भी फौज थी, मावशी."

त्या भट्टीजवळ खाली बसल्या. आमच्याकडे सैन्यात जाणं म्हणजे मराठा पलटण. दुसरं काही असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं प्रश्न नीट विचारला जात होता, पण चुकीच्या माणसांना.

"बोलला नाय," गोदूबाई हळूच म्हणाल्या. "पलटनीत हाय एवडंच म्हनायचा. खेचरामागं चालतो म्हनाला असता, तर गावानं जगू दिलं असतं का त्याला?"

त्या दिवशी मी फळी पुसली. नवीन लिहिलं, 'इटली में खच्चर कंपनी में कोई था? अंदर बताना.' मेहरसिंगने खाली गुरुमुखीत लिहिलं. जाताना तो म्हणाला, गावी गेलो की विचारतो.

तो एकटाच विचारणार नव्हता. पुढच्या महिन्यांत जे झालं त्याने मी थक्क झाले. प्रश्न ट्रकबरोबर निघाला. अंबाल्याच्या ढाब्यावर, नागपूरच्या नाक्यावर कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. आम्ही कधी न पाहिलेले ड्रायव्हर गाडी थांबवून आत येत. खच्चरवाले की बहन इथेच बसते का? कुणी एक गोष्ट आणे, कुणी अर्धी. खेचरांच्या गळ्यातल्या घंटा काढून घेत. खुरांना गोणपाट बांधत. पंजाब्यांच्या एका कंपनीत एकच मराठा होता. हे शेवटचं तिघांनी सांगितलं, पण तिघांनीही ऐकलेलं. गोदूबाईंनी ते कोळशानेच काढलं. एक बुटका माणूस आणि लांब कानांचं जनावर.

शिमग्याच्या सुमाराला मेहरसिंगचा ट्रक आला. शेजारी पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता. लाभसिंग. मेहरसिंगच्या गावचा तोच, मुंबईला मुलाकडे आला होता. मेहरसिंगने त्याला तिथून उचलून आणलं होतं.

म्हातारा बाकावर बसला आणि बोलायला तोंड उघडलं. गोदूबाईंनी हात वर केला.

"आता नाय. जेवा, झोपा. बोलू नका." मग माझ्याकडे वळल्या. "मालोजीदादाला घिऊन ये. त्याच्यासमोर होऊ दे."

मी मिळेल त्या एस.टी.ने गेले. मालोजी नांगराचा फाळ बघत होते. "आता कोन मांडीवर मेला?" त्यांनी विचारलं. तरी पागोटं बांधून आले. परतलो तेव्हा लाभसिंग बाकावर घोरत होता आणि गोदूबाई त्याला माशा वारत होत्या.

तो उठला, तोंड धुतलं. गोदूबाई त्याच्या समोर बसल्या. मेहरसिंग मध्ये, अडलेलं सांगायला. शेडमधले बाकीचे ड्रायव्हर बाकं जवळ ओढून बसले.

"तुमच्यात मराठा व्हता?"

होता. एकच. नाव कोंडा का काहीतरी. ते त्याला 'मराठा'च म्हणत.

"उंच का बुटका?"

लाभसिंगने हात आपल्या खांद्याखाली धरला.

"बुटके लई आसत्यात," मालोजी म्हणाले.

गोदूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "जनावराचा कासरा कोंच्या हातात धरायचा?"

लाभसिंग मोठ्याने हसला. सगळे खेचराच्या डाव्या बाजूने चालत आणि उजव्या हातात दोर धरत. तसा नियमच होता. मराठा उलट्या बाजूने चाले आणि डाव्या हातात धरी. हवालदाराने शिव्या दिल्या, धावायला लावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याच्या खेचराला उलट्या बाजूची इतकी सवय झाली की दुसरा कुणी धरायला गेला तर ते लाथ मारी.

मालोजींनी विडी चुरडली. कोंडाजी डावरा होता हे चौकात कोणालाही माहीत नव्हतं. मलाही नाही.

"सांगा आता," गोदूबाई म्हणाल्या.

त्याने सावकाश सांगितलं. थंडीचे दिवस होते आणि पाऊस लागून राहिला होता. वर दारूगोळा पोचवून ते उतरत होते. उतरताना खेचरांवर जखमी माणसं बांधलेली. वाट चिखलाची, खाली नदी भरलेली. मराठ्याच्या खेचराचे मागचे पाय घसरले. त्याने दोर डाव्या हाताला गुंडाळून घेतला आणि एका दगडाला पाय लावून जनावर तोलून धरलं. उजव्या हाताने चाकू काढून जखमीचा पट्टा कापला. लाभसिंगने त्या माणसाला काखेत धरून ओढून घेतलं. मग दगडच सुटला.

"मी ओरडलो, सोड म्हणून," मेहरसिंग त्याचं बोलणं मोडक्या मराठीत सांगत होता. "ओरडायची मनाई होती. तरी ओरडलो."

"सोडला नाय त्यानं?"

त्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "छोडा नहीं या छूटा नहीं, ये मैं नहीं कह सकता, बहनजी. अंधेरा था."

गोदूबाईंनी मान डोलावली. "हा खरा मानूस हाय," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी शोधलं. माणूस नाही, जनावर नाही. मग कंपनी पुढे गेली. तो जखमी वाचला, एवढं नंतर कळलं.

गोदूबाई उठल्या. चुन्यात बोट बुडवून त्यांनी भिंतीवरचा बुटका माणूस पांढरा केला. मग लांब कानांचं जनावर. मग भिंतीला कपाळ टेकून रडल्या. भट्टीवरचा चहा उतू गेला तो मी उतरवला.

मालोजीही डोळे पुसत होते. ते म्हणाले, "गोदे, मी सोनाराला सांगतो. टाक होऊ दे. चांगला घोड्यावरचा."

"घोडा कुटं व्हता, दादा?"

"आगं, घोडा म्हनजे आपली रीत. देवघरात वाकून कोन बगतंय?"

"तो चालत व्हता. हातात खेचर व्हतं."

मालोजी आजूबाजूला बघून आवाज खाली आणत म्हणाले, "खेचराचं नाव काडलंस तर भावकी हसंल. सोयरे इचारतील, तुमच्यात गाडवं कोन वळायचं? घोडा बसव आनि गप ऱ्हा."

"नाय."

"मंग टाक बी नाय."

"नको," गोदूबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं खरं इचारत बसले. आता शेवटाला घोडा कुटनं आनू?"

मालोजी तरातरा निघून गेले. लाभसिंगला काय झालं ते कळेना. मेहरसिंगने त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "मावशी, घोडा तर घोडा. नाव तर त्यांचंच राहील ना?"

"नाव त्याचं आनि मरान दुसऱ्याचं?"

मी ग्लास विसळायला घेतले.

मालोजी अधूनमधून चौकला येत, बाजाराला. आता ते हॉटेलसमोरून मान वळवून जायला लागले. पण गोष्ट रस्त्याला लागली होती. चैत्रात एक नागपूरचा ट्रक थांबला. कुणीतरी ड्रायव्हरला दाखवलं, तो बघ, खच्चरवाल्याचा भाऊ. ड्रायव्हर भर रस्त्यात मालोजींच्या पाया पडला. मालोजींची पिशवी हातातून सुटली. कांदे घरंगळत गेले. दोघांनी मिळून ते वेचले. मग पाया पडणाऱ्याला तसंच कसं सोडायचं, म्हणून मालोजी त्याच्याबरोबर आत येऊन बसले.

पुढच्या बाजारालाही आले. मग येतच राहिले. आधी नुसतं विचारणाऱ्याला उत्तर देत. मग कोणी विचारायची वाट बघेनासे झाले.

"डाव्या हाताला कासरा आसा गुंडाळलेला," ते हात पुढे करून दाखवत, "आनि खाली नदी, ही एवडी..."

दर बाजाराला नदी रुंद होत गेली. एकदा गोदूबाई भट्टीवरून म्हणाल्या, "दादा, नदी आवर. आपल्या हाटेलात पानी शिरंल."

सगळे हसले. मालोजीही हसले आणि नदी थोडी कमी केली.

पेरण्या उरकल्यानंतरची गोष्ट. पुण्याकडचा एक तरुण ड्रायव्हर ऐकत होता. तो म्हणाला, "खेचर कशाला, आजोबा? घोडा असता तर वाचला असता."

"घोडा?" मालोजी उसळले. "आरं, त्या वाटंला घोडा टिकला असता का? चार पावलांत गारठला असता तुजा घोडा. खेचरच पायजे तितं! आनि खेचराला धरनारा बी तसाच पायजे, येरागबाळा नाय..."

ते मध्येच थांबले. त्यांनी भट्टीकडे बघितलं. गोदूबाई खाली मान घालून ग्लास विसळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

मी नेऊन दिलेला तो चहा मालोजींनी पूर्ण प्यायला. ग्लास खाली ठेवला.

"खालापूरच्या मोरू सोनाराकडं चल म्हनाव तिला," ते मला म्हणाले. गोदूबाई तीन हातांवर उभ्या होत्या.

मोरू सोनाराने डोक्याला हात लावला. टाक साच्यावर ठोकून काढतात. त्याच्याकडे घोड्याचा साचा होता, उभ्या पुरुषाचा होता, जोडप्याचा होता.

"खेचराचा साचा माज्याकडं नाय. माज्या बापाकडं बी नव्हता. आनि मी खेचर उब्या जल्मात पायलं नाय."

"सोपं हाय," मालोजी म्हणाले. "माथेरानला जाऊन घोडं बग. येताना नेरळच्या वीटभट्टीवर गाडव बग. मदलं कायतरी काड."

मोरू खरंच जाऊन आला. हाताने, छिन्नीने, पत्रा उठवला. पहिल्या खेपेला कान सशासारखे झाले. गोदूबाईंनी परत दिला. दुसऱ्या खेपेला दोर उजव्या हातात आला. तोही परत. मोरू वैतागून म्हणाला, "बाई, देव येवडं बगत नाय." गोदूबाई म्हणाल्या, "देव नसंल बगत. मी बगते."

घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. मालोजींच्या घरी सगळे टाक चिंचेने घासून लख्ख केले होते. मालोजींनी नवा टाक दुधाने, मग पाण्याने धुतला. आईबापांच्या शेजारी थोडी जागा करून तिथे ठेवला. भावकीतली पाच-सहा माणसं आली होती. एकाने वाकून बघितलं आणि तोंड उघडलं. मालोजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने हात जोडले.

मालोजींची नवी सून बायजा हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. तिने रांगेवर नजर फिरवली.

"आत्याबाय, यातलं कोंडाजीमामंजी कोंचं?"

"समदं बसल्यात नायतर उबं हायत नं गं," गोदूबाई म्हणाल्या. "ह्यो चालतोय बग."

बायजाने कुंकवाचं बोट आधी त्याला लावलं. नैवेद्याचं पान आलं. मालोजी हात जोडून उभे होते. त्यांनी एक डोळा उघडून पानाकडे बघितलं.

"बायजा, मूठभर भिजलेलं हरभरं आन," ते म्हणाले. "त्येच्या जनावराम्होरं ठेव."